चांदमारीचा आवाज आणि कानांचे रक्षण
(अभ्यासपाठ)

नेमबाजी हा विषय मराठी भाषकांना परका नाही. बेळगावास मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे. महू येथे पायदळाची प्रशिक्षण संस्था आहे. इंदूरला सीमा सुरक्षा दलाची शस्त्रविद्येची शाळा आहे, तर ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला त्याच दलाची प्रबोधिनी आहे. क्रीडाक्षेत्रातही कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रकारात विश्वविजेतेपद मिळविले. कोल्हापूर जिल्ह्यातीलच कांबळवाडीचे स्वप्नील कुसळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक जिंकले. असे यश पाहून शाळा-महाविद्यालयांतील मुलामुलींना या खेळाची ओढ लागावी, हे स्वाभाविकच आहे.

चांदमारीच्या मैदानावर शिकाऊ मुलास पहिल्याच दिवशी शिस्तीचे पाठ दिले जातात. नळी नेहमी लक्ष्याकडे ठेवावी, हुकूम झाल्याखेरीज चापावर बोट ठेवू नये, बार झाल्यावर बंदूक रिकामी करून दाखवावी, हे सर्व तो घोकून शिकतो. परंतु कानांचा प्रश्न निघाला की पुष्कळदा कापसाचा बोळा पुढे केला जातो, किंवा ‘सवय होईल’ एवढेच सांगितले जाते. सवय होते ही गोष्ट खरी. पण ती सवय म्हणजे अनेकदा बहिरेपणाची सुरुवात असते. गोळीने होणारी जखम दिसते आणि तिच्यावर उपचार होतात. आवाजाने होणारी जखम दिसत नाही, दुखत नाही आणि भरूनही येत नाही. तिच्यापासून कान कसे वाचवावेत, याचा विचार या पाठात केला आहे.

आवाज निघतो कोठून?

काडतुसातील दारू पेटते तेव्हा एका क्षणात तिचा तप्त वायू होतो. सैनिकी रायफलीच्या नळीत या वायूचा दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या तीन हजार पटींहून अधिक असतो. या दाबानेच गोळी पुढे ढकलली जाते. गोळी नळीच्या तोंडातून बाहेर पडताच तिच्यामागे कोंडलेला वायू एकदम मोकळा होतो व सभोवारच्या हवेवर आदळतो. सोड्याच्या बाटलीचे बूच उडताना जे लहान प्रमाणावर घडते, तेच येथे प्रचंड प्रमाणावर घडते. हवेत दाबाची लाट उठते आणि काही सहस्रांश सेकंदांत ती कानावरून निघून जाते. हाच नळीच्या मुखाशी होणारा स्फोटध्वनी होय.

याखेरीज दुसराही एक आवाज असतो. ध्वनीचा हवेतील वेग सेकंदास सुमारे ३४० मीटर आहे. अनेक सैनिकी रायफलींची गोळी सेकंदास ८०० मीटरांहून अधिक वेगाने जाते. ध्वनीलाही मागे टाकणारी अशी गोळी आपल्या मार्गात चाबूक फटकारल्यासारखा कडकडाट करीत जाते. हा आवाज नळीच्या तोंडाशी नव्हे, तर गोळीच्या साऱ्या मार्गावर उत्पन्न होतो. स्पर्धेसाठी वापरली जाणारी पॉइंट बावीसची काडतुसे बहुधा ध्वनीपेक्षा किंचित कमी वेगाची असतात. म्हणून त्यांच्यात हा कडकडाट नसतो.

स्फोटध्वनी सर्व दिशांना सारखा पसरत नाही. नळीच्या पुढच्या बाजूस तो सर्वांत तीव्र असतो, बाजूला त्याहून कमी आणि मागे सर्वांत कमी. नळी आखूड केली की आवाज वाढतो. काही रायफलींच्या तोंडाशी धक्का कमी करण्यासाठी छिद्रांचे टोपण बसविलेले असते. ते वायूला बाजूस आणि मागे वळविते. त्यामुळे खांद्याला बसणारा धक्का कमी होतो, पण तोच वायू नेमबाजाच्या व त्याच्या शेजाऱ्याच्या कानावर येतो.

डेसिबलचे गणित

आवाजाची तीव्रता डेसिबल या एककाने मोजतात. हे माप साध्या बेरजेने वाढत नाही. दर १० डेसिबलला ध्वनीची शक्ती दहापट होते आणि २० डेसिबलला शंभरपट होते. दोन माणसांचे साधे बोलणे सुमारे ६० डेसिबल भरते. कारखान्यांविषयीच्या आपल्या नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. क्षणिक दणक्याच्या आवाजाचे शिखर १४० डेसिबलपलीकडे जाऊ देण्यास मुभा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी हीच क्षणिक मर्यादा १२० डेसिबल सुचविली आहे.

आता बंदुकांकडे पाहू. नेमबाजाच्या कानाशी पॉइंट बावीस रायफलीचा आवाज १४० डेसिबलच्या आसपास असतो. बारा बोअरच्या बंदुकीचा आवाज १५० ते १६५ आणि सैनिकी रायफली व मोठ्या पिस्तुलांचा १५५ ते १७० च्या दरम्यान जातो. म्हणजे सर्वांत सौम्य समजली जाणारी दारूची रायफलसुद्धा प्रौढांच्या मर्यादेच्या उंबरठ्यावर आहे, आणि मुलांच्या मर्यादेच्या ती पलीकडे आहे. दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या एअर रायफलीचा आवाज मात्र या सर्वांहून कितीतरी कमी असतो. शाळेतील मुलांचा श्रीगणेशा एअर रायफलीने करावा, असे म्हणण्यास हे एक सबळ कारण आहे.

कानात काय घडते?

कानाच्या पडद्याच्या आत तीन इवली हाडे असतात. त्यांच्यापुढे गोगलगायीच्या शंखासारखा वेटोळे घेतलेला, द्रवाने भरलेला भाग असतो. त्यात प्रत्येक कानामागे सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसल पेशी आहेत. ध्वनीच्या हेलकाव्याने या पेशींचे केस लवतात व मेंदूकडे संदेश जातो. उभ्या पिकावरून वारा गेला की ताटे लवतात आणि पुन्हा उभी राहतात. पण गारपीट झाली तर ती मोडतात. स्फोटध्वनी ही त्या पिकावरील गारपीट समजावी. फरक एवढाच, की शेतकरी पुढील हंगामात पुन्हा पेरू शकतो. माणसाच्या कानातील मेलेली केसल पेशी पुन्हा उगवत नाही.

निसर्गाने कानाला स्वतःचे थोडे संरक्षण दिले आहे. मोठा आवाज झाला की कानातील एक लहानसा स्नायू आकसतो आणि हाडांची साखळी ताठ करतो. परंतु त्याला आकसण्यास सेकंदाचे काही शतांश लागतात. स्फोटध्वनी त्याआधीच आत शिरून आपले काम उरकतो. म्हणून ‘मन घट्ट केले की त्रास होत नाही’ ही समजूत निराधार आहे.

चांदमारीनंतर कानाला दडे बसतात, कानात शिटीसारखा किंवा रातकिड्यासारखा नाद घुमतो. दुसऱ्या दिवशी तो ओसरला की माणूस निश्चिंत होतो. वस्तुतः हा कानाने दिलेला इशारा असतो. असे वारंवार घडले की कायमचे नुकसान होते. त्याचा आरंभ उंच पट्टीच्या स्वरांपासून, बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास, होतो. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारख्या वर्णांची ओळख याच उंच स्वरांवर अवलंबून असते. त्यामुळे अशा माणसाला आवाज ऐकू येतो, पण शब्द उमगत नाही. दुकानदार ‘साठ’ म्हणतो, याला ‘आठ’ ऐकू येते. घरातील बायकामुलांचे बोलणे आधी अस्पष्ट होते. घरचे म्हणतात, ‘यांचे लक्ष नसते’. तो म्हणतो, ‘तुम्ही पुटपुटता.’ दोघेही प्रामाणिक असतात. पण मधल्या मधे घरातील संवाद तुटत जातो, आणि सैन्यात किंवा पोलिसांत जाऊ इच्छिणाऱ्या तरुणाला वैद्यकीय तपासणीत त्याची किंमत मोजावी लागू शकते.

धोका कोणाला अधिक?

उजव्या खांद्याशी रायफल लावणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाच्या बाजूस येतो, तर उजवा कान डोक्याच्या आडोशाला राहतो. म्हणून अशा नेमबाजाच्या डाव्या कानास आधी इजा झालेली आढळते. डावखुऱ्याचे याच्या उलट होते.

तथापि सर्वांत अधिक धोका नेमबाजाला असतोच असे नाही. समजा, एका रेषेत दहा छात्र पालथे पडून प्रत्येकी पाच गोळ्या झाडीत आहेत, आणि दिवसभरात अशा वीस तुकड्या येतात. प्रत्येक छात्र स्वतः पाच बार करतो, परंतु ऐकतो पन्नास. त्यांना शिकविणारा उस्ताद मात्र त्या एका दिवसात हजार बार ऐकतो. असे दिवस त्याच्या नोकरीत शेकडो येतात. गुण मोजणारा शिक्षक, काडतुसे वाटणारा शिपाई, पाणी देणारा मदतनीस आणि रेषेमागे दाटीने आपली पाळी पाहणारी मुले हे सारे त्या आवाजाच्या पट्ट्यातच असतात. म्हणून संरक्षणाचा नियम बंदूक हाती असलेल्यापुरता न ठेवता मैदानावर हजर असलेल्या प्रत्येकाला लागू केला पाहिजे.

उपायांचा क्रम

आवाज तीन ठिकाणी अडविता येतो: जेथे उत्पन्न होतो तेथे, वाटेत आणि कानाशी. विचारही याच क्रमाने करावा.

उगमाशी: ज्या सरावास लहान शस्त्र पुरते तेथे मोठे वापरू नये. एअर रायफलीने होणारे काम पॉइंट बावीसने करू नये व पॉइंट बावीसने होणारे सैनिकी रायफलीने करू नये. एका वेळी रेषेवर कमी नेमबाज ठेवावेत आणि त्यांच्यात अंतर राखावे. शेजाऱ्याच्या नळीचे तोंड आपल्या कानाच्या रेषेत किंवा मागे येऊ नये म्हणून सर्वांनी एकाच रेषेवर असणे अगत्याचे आहे.

येथे सायलेन्सरचा उल्लेख करणे भाग आहे. हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकन संशोधकाने १९०९ साली त्याचे पेटंट घेतले. नळीच्या तोंडाशी बसविलेल्या या नळकांड्यात वायू टप्प्याटप्प्याने पसरतो आणि आवाज साधारणपणे २० ते ३० डेसिबलनी उतरतो. गोळीचा कडकडाट मात्र तसाच राहतो. फिनलंड, नॉर्वे यांसारख्या देशांत शिकारी कानांच्या रक्षणासाठी त्याचा उपयोग करतात. आपल्या देशाचा कायदा वेगळा आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ यातील कलम २ मध्ये ‘अग्निशस्त्र’ या शब्दाची व्याख्या आहे. बंदुकीचा आवाज वा झोत कमी करण्यासाठी बनविलेला जोडभागही तिच्यात समाविष्ट केलेला आहे. तेव्हा सायलेन्सर घरी किंवा गावच्या लोहारशाळेत बनविणे अथवा जवळ बाळगणे हा गुन्हा ठरू शकतो, हे शेतसंरक्षणासाठी परवाना घेतलेल्या बंधूंनी ध्यानात ठेवावे.

वाटेत: मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलनी घटतो. नळीपासून दोन मीटरांवर उभ्या असलेल्या मुलांना सोळा मीटर मागे नेले तर अंतर तीनदा दुप्पट होते व आवाज सुमारे १८ डेसिबलनी उतरतो. यास पैसा लागत नाही. चुन्याची एक रेघ आणि थोडी शिस्त पुरते.

गोळीबाराच्या जागेवर पत्र्याचे छप्पर असेल तर ते आवाज परतवून नेमबाजाच्याच डोक्यावर टाकते. बंदिस्त खोलीत तर भिंती, छत व फरशी एकेका बाराचे अनेक पडसाद उठवितात. अशा ठिकाणी छताला व भिंतींना खनिज लोकरीसारख्या सच्छिद्र आणि न पेटणाऱ्या द्रव्याचे अस्तर, त्यावर छिद्रे असलेला पत्रा, अशी रचना करावी. काथ्याच्या चटया, जुन्या गाद्या, थर्मोकोल किंवा फोम मुळीच लावू नये. अर्धवट जळलेल्या दारूचे कण त्यांत साचतात आणि एखाद्या ठिणगीने आग भडकू शकते. अंड्यांचे पुठ्ठे लावल्याने आवाज अडतो, ही समजूतही चुकीची आहे. बंदिस्त जागेत धूर व शिशाची धूळ बाहेर काढणारी वायुवीजनाची सोय असणे हे आवाजाइतकेच निकडीचे आहे.

कानांची साधने

पहिल्या दोन उपायांनंतरही कान झाकावेच लागतात. कापसाचा बोळा या कामी जवळजवळ निरुपयोगी आहे. रिकामे काडतूस कानात घालणे तर अपायकारकच. योग्य साधने दोन: कानात बसणारा फोमचा वा रबराचा इअर प्लग आणि कानावर बसणारा इअर मफ.

फोमचा प्लग बसविण्याची रीत शिक्षकांनी प्रत्यक्ष करून दाखवावी. हात स्वच्छ धुवून प्लग बोटांनी वळून वातीसारखा बारीक करावा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर व किंचित मागे ओढावी, म्हणजे कानाची वाट सरळ होते. मग प्लग आत सारून तो फुगेपर्यंत वीस ते तीस सेकंद बोटाने धरून ठेवावा. प्लग नीट बसला की स्वतःचा आवाज घुमल्यासारखा, जड वाटतो. दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबून पाहावेत. बाहेरचा आवाज त्यामुळे फारसा कमी झाला नाही, तर प्लग योग्य बसला असे समजावे.

वेष्टनावर छापलेला डेसिबलचा आकडा प्रयोगशाळेतील असतो. प्लग अर्धवट घातल्यास त्याच्या निम्मेही संरक्षण मिळत नाही. इअर मफच्या कडेत केस, चष्म्याची काडी किंवा टोपीची कड अडकली की तेथून आवाज आत शिरतो. रायफलीचा दस्ता गालाशी लावताना मफ सरकतो, हेही लक्षात घ्यावे. पॉइंट बावीससाठी नीट बसविलेला प्लग किंवा मफ चालेल. सैनिकी रायफल, पिस्तूल व बारा बोअरसाठी दोन्ही एकदम वापरावेत. दोहोंच्या आकड्यांची बेरीज मात्र करू नये. अधिक चांगल्या साधनाच्या जोडीला दुसऱ्यामुळे ५ ते १० डेसिबलची भर पडते. परंतु १६५ डेसिबलच्या दणक्यापुढे तेवढी भरही मोलाची आहे.

कान झाकले तर हुकूम ऐकू येत नाही, अशी तक्रार केली जाते. तिच्यावर उपाय म्हणजे कान उघडे ठेवणे नव्हे. हुकुमाबरोबर लाल व हिरवी निशाणी आणि ठरलेल्या हातखुणा वापराव्यात. गोळीबार पूर्ण थांबून सर्व शस्त्रे रिकामी झाल्याचा हुकूम होईपर्यंत कोणीही प्लग काढू नये.

चांदमारीनंतर ऐकू कमी येणे वा कानात नाद घुमणे दुसऱ्या दिवसापर्यंत टिकले, तर तेल किंवा थेंब घालीत न बसता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे तातडीने जावे. उपचाराचा काही लाभ व्हायचा असेल तर तो पहिल्या काही दिवसांतच होण्याचा संभव असतो. उस्ताद व नियमित नेमबाज यांनी आरंभी एकदा व नंतर दरवर्षी श्रवणचाचणी करून तिचा कागद जपून ठेवावा.

गाव आणि चांदमारी

मैदानाशेजारच्या गावांचा प्रश्न निराळा आहे. नळीपासून एका मीटरवर १६० डेसिबल असलेला दणका, वरील हिशेबाने, एक किलोमीटरवर सुमारे १०० डेसिबलपर्यंत उतरतो. त्याने गावकऱ्यांचे कान बधिर होण्याचे भय नसते. परंतु झोपलेले मूल दचकते, दावणीची जनावरे बुजतात, शाळेत शिक्षकाचे वाक्य तुटते. ही गैरसोय खरी आहे आणि ती ऐकून घेतली गेली पाहिजे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती काही काळाच्या सरासरीची असल्याने एकेका बाराचा त्रास तिच्यातून पुरता उमटत नाही. म्हणून केवळ आकड्यांवर बोट न ठेवता परस्पर सामंजस्याने वेळा ठरविणे हिताचे.

थंडीतील पहाटे जमिनीलगतची हवा गार व वरची उबदार असते. तेव्हा ध्वनी खाली वाकतो व दूरवर ऐकू येतो. ऊन तापल्यावर तो वर वळतो. त्यामुळे तोच सराव पहाटेऐवजी सकाळी उशिरा केला, तर गावाला आवाज कमी पोचतो. मातीचा उंच बांध गोळीबाराच्या जागेच्या जितका जवळ, तितका उपयुक्त. झाडांची एखाददुसरी रांग नजरेला आडोसा देते. आवाज मात्र तिने फारसा अडत नाही.

सैन्याच्या मोठ्या मैदानी गोळीबारासाठी १९३८ सालचा स्वतंत्र कायदा आहे. त्यात क्षेत्र अधिसूचित करणे, लोकांना आगाऊ सूचना देणे आणि नुकसान झाल्यास भरपाई देणे यांची तरतूद आहे. दवंडी पिटली गेली असेल तर गुरे त्या बाजूस नेऊ नयेत व सरपण किंवा भंगार गोळा करण्यास कोणी जाऊ नये. न फुटलेला गोळा हा आवाजाहून कितीतरी घातक आहे. नुकसान झाल्यास तलाठ्याकडे व तहसील कचेरीत वेळेवर लेखी कळवावे.

समारोप

प्लगची एक जोडी थोड्या पैशांत मिळते. चुन्याची रेघ, वेळेचा बदल, लाल-हिरवी निशाणी यांना तर खर्चच नाही. त्याविरुद्ध गेलेली श्रवणशक्ती कोणत्याही किमतीस परत येत नाही. ज्या प्रमुखाच्या हाती काडतुसांची नोंदवही आहे, त्याने तिच्याशेजारी कानांच्या साधनांची नोंदवही ठेवावी. आणि साधनांची मोजणी पुरी झाल्याखेरीज काडतुसांची पेटी उघडू नये. एवढा एक नियम पाळला गेला, तरी आपल्या मुलामुलींना नेमबाजीची किंमत कानांनी मोजावी लागणार नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. कानातील स्नायूचे नैसर्गिक संरक्षण बंदुकीच्या आवाजापुढे अपुरे का पडते?
२. उजव्या खांद्याशी रायफल लावणाऱ्याच्या डाव्या कानास अधिक इजा का होते?
३. नळीपासून चार मीटरांवर उभ्या असलेल्या मुलांना बत्तीस मीटरांवर नेल्यास आवाज सुमारे किती डेसिबलनी घटेल?
४. आपल्या गावाजवळ चांदमारी असल्यास तिच्या वेळा कोणत्या असाव्यात, याविषयी ग्रामसभेत चर्चा करा व सूचना लेखी स्वरूपात संबंधितांकडे पाठवा.